कन्याशाळेचा इतिहास आणि त्याचे साक्षीदार

संस्थांचे इतिहास लिहिण्याची हौस आपल्या समाजात मोठी आहे. देवस्थानाचा शतसांवत्सरिक उत्सव असो, ग्रंथालयाचा सुवर्णमहोत्सव असो की शाळेचा अमृतमहोत्सव असो, स्मरणिका निघाल्याखेरीज कार्याची सांगता झाली असे कोणास वाटत नाही. हौस चांगली आहे. ज्या समाजास आपल्या संस्था कशा उभ्या राहिल्या ह्याचे भान नाही, त्याच्या हातून त्या टिकतही नाहीत. परंतु हे इतिहास ज्या रीतीने लिहिले जातात तिचा विचार कोणी करीत नाही. तो करण्याचा प्रसंग आमच्यावर गेल्या पावसाळ्यात आला, आणि त्यातून जे सुचले ते ह्या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे सरदारपुर हे धार जिल्ह्यातले, माही नदीच्या काठचे गाव. येथे वकिली करणाऱ्या माणसाकडे लोक खटल्याइतकेच अर्ज, करारनामे आणि भाषणे तपासून घेण्यासाठीही येतात. असेच एक वयोवृद्ध गृहस्थ एका कन्याशाळेच्या स्मरणिकेचे हस्तलिखित घेऊन आले. शाळा ह्याच भागातली आहे. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मजकुरात कायद्याच्या दृष्टीने आक्षेपार्ह काही नाही एवढे आम्ही पाहून द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. आम्ही ते दोन रात्री बसून वाचले. संस्थापकांची चरित्रे होती, जमिनीच्या दानपत्राचा गोषवारा होता, इमारतीच्या कोनशिलेचे वर्णन होते, पाहुण्यांचे अभिप्राय होते आणि देणगीदारांची रकमेसह भली मोठी यादी होती. आक्षेपार्ह काहीच नव्हते. फक्त एवढ्या पानांत त्या शाळेत शिकलेल्या एकाही मुलीचे नाव नव्हते.

आम्ही ही गोष्ट त्यांच्या नजरेस आणली तेव्हा ते निष्कपटपणे म्हणाले, "वकीलसाहेब, मुली आल्या, शिकल्या आणि लग्न होऊन गेल्या. त्यांचा इतिहास तो काय असणार?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांना तेव्हाच दिले नाही, कारण ते आमच्यापाशी तयार नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही मुंबईकडे वळलो. आपल्याकडील बहुतेक शाळांच्या इतिहासांचा साचा मुंबई-पुण्याच्या इतिहासांवरून घेतलेला असतो. साच्यातच काही उणे असेल तर ते तेथेच सापडावे, अशी आमची समजूत होती, आणि ती खोटी ठरली नाही.

मुंबई हे मुळात सात बेटांचे गाव. भराव घालून घालून ती बेटे एक झाली, आणि इलाख्याच्या राजधानीचे हे बेट माहीमच्या बाजूनेही साष्टीशी पक्क्या रस्त्याने जोडले गेले ते १८४५ मध्ये, माहीमच्या पुलाने. त्या पुलाचा खर्च सर जमशेदजी जिजीभाईंच्या पत्नी आवाबाई ह्यांनी केला, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करावीशी वाटते. राजधानीस जाण्याची वाट एका स्त्रीच्या पैशाने बांधली गेली, आणि त्याच बेटावर त्या काळी मुलीने पाटी हाती धरावी की नाही ह्याचा वाद चालू होता.

गोव्याहून, कोकणातून, गुजरातेतून आणि देशावरून माणसे ह्या बेटावर उतरली ती पोटामागे. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबे ह्याच लोंढ्याबरोबर गेली. देऊळ, कुळागर आणि भाऊबंद मागे राहिले. शेजारी पारशी आला, गुजराती आला, पाठारे प्रभू आला. गावी जी गोष्ट दहा तोंडांनी अडवली असती ती येथे दोनच तोंडांनी अडवली, म्हणून मुलींच्या शाळेचा प्रयोग येथे लवकर होऊ शकला असे आम्हांस वाटते. मोकळेपणाचे बी शहराच्या वस्तीतच होते, आणि संस्थापकांनी ते रुजवले. हा भेद आपले इतिहासकार सहसा करीत नाहीत.

आता पहिलेपणाचा प्रश्न घेऊ, कारण प्रत्येक इतिहास त्यानेच सुरू होतो. मुंबईत मुलींची पहिली शाळा कोणाची? अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली. १८२९ मध्ये पती जॉन विल्सन ह्यांच्यासह मुंबईस आलेल्या मार्गरेट विल्सन ह्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८३५ मध्ये येथेच देह ठेवला. पुण्यास जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. कलकत्त्यास बेथून ह्यांची शाळा १८४९ च्या मे महिन्यात निघाली, आणि मुंबईस 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी'चे मुलींचे वर्ग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झाले. ज्यास ज्याचा अभिमान तो त्याची तारीख पुढे करतो आणि शब्दांची मेख मारतो. कोणी 'पहिली शाळा' म्हणतो, कोणी 'एतद्देशीयांनी काढलेली पहिली' म्हणतो, तर कोणी 'धर्मप्रसाराच्या हेतूवाचून काढलेली पहिली' म्हणतो. विशेषण बदलले की मान बदलतो.

कोर्टात असा वाद आला तर न्यायाधीश प्रथम विचारील की ह्या तारखेचा पुरावा काय आणि तो कोणत्या काळचा. ह्याचे मोठे बोधप्रद उदाहरण फुल्यांचेच आहे. १८८२ मध्ये हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलींच्या शाळेचा काळ अंदाजे १८५४ असा दिला आहे. तेथे त्यांच्या स्मरणात काही वर्षांची चूक झाली आहे, हे त्या काळच्या कागदांवरून दिसते. स्वतःच्या कर्तृत्वाचा काळ मागे नेण्याचा मोह माणसास होतो. ह्या थोर पुरुषाने तो पुढे आणला. त्याच निवेदनात, आपल्या आधी पुण्यात मिशनऱ्यांची मुलींची शाळा होती हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. ज्याने काम केले त्यास पहिलेपणाची फिकीर नव्हती. ती पुढे आपणांस लागली. आमच्या मते मिशनऱ्यांचे पहिलेपण मान्य करण्यात कोणाचा कमीपणा होत नाही, आणि फुल्यांचे किंवा मुंबईकरांचे कार्य त्याने तसूभरही उणे ठरत नाही. मिशनच्या शाळेत मुलगी धाडणे म्हणजे धर्म गमावणे अशी भीती आपल्या घरांतून होती. ती भीती दूर करणारी शाळा आपल्याच लोकांनी काढावी लागली. तिचे महत्त्व तिच्या तारखेत पाहू नये, तिने कोणाचे दार उघडले त्यात पाहावे.

मुंबईच्या त्या वर्गांची हकीकत थोडक्यात अशी. एल्फिन्स्टन संस्थेतील तरुण अध्यापक आणि विद्यार्थी ह्यांनी १८४८ मध्ये वरील सोसायटी स्थापन केली. १८४९ च्या ऑगस्टमध्ये बेहरामजी खुर्शेदजी गांधी ह्या सभासदाने तिच्यापुढे स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. निबंध वाचून टाळ्या पडल्या आणि सभा उठली, एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर आज तिचा कोणास पत्ताही नसता. परंतु त्या मंडळींनी स्वतःच शिकवण्याचे पत्करले. ऑक्टोबरात वर्ग सुरू झाले तेव्हा ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या. शिकवणारे बिनपगारी होते, आणि आपला रोजचा उद्योग सांभाळून ते हे काम करीत. त्यांत दादाभाई नौरोजी होते, त्या वेळी अवघ्या चोवीस वर्षांचे. आपण घरोघर जाऊन ओटीवर बसून मुलींना अक्षरे शिकवू देण्याची परवानगी मागत असू, आणि काही बापांनी जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली, अशी आठवण त्यांनीच उतारवयात सांगितली आहे.

मराठी मुलींच्या शाळेस जागा दिली ती जगन्नाथ शंकरशेट ह्यांनी, गिरगावातील आपल्या वाड्यात. त्या औदार्याचे वजन ज्यास कळत नाही त्याने त्या काळचा समाज मनापुढे आणावा. नाना शंकरशेट हे जुन्या चालीचे, देवधर्म पाळणारे, लोकांत मानमान्यता असलेले गृहस्थ. त्यांच्या वाड्यात मुलगी शिकावयास जाते म्हटल्यावर टीकाकारांच्या तोंडची अर्धी वाफ विरून गेली असणार. ह्याच चळवळीत गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले आणि पुढे विख्यात झालेले डॉ. भाऊ दाजी लाड पुढे होते. त्या वेळी ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होते. पुढे सोसायटीचे पहिले एतद्देशीय अध्यक्ष होण्याचा मान त्यांस मिळाला, आणि चाहत्यांनी निधी उभारून मुलींच्या एका शाळेस त्यांचे नाव दिले. पारशी मुलींच्या शाळांचा कारभार कालांतराने पारशी मंडळींच्या स्वतंत्र संस्थेकडे गेला. १८६३ मध्ये स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश माणेकजी कर्सेटजी ह्यांनी अलेक्झांड्रा संस्था काढून मुलींना इंग्रजी शिक्षणाची वाट उघडली.

एवढा इतिहास सर्वत्र सापडतो, आणि तो गौरवास पात्र आहे ह्याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा आक्षेप त्यापुढे सुरू होतो. ह्या हकीकतीत दाता आहे, जागा आहे, शिक्षक आहे, विरोधक बाप आहे. परंतु ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्या २४ मुली फक्त आकड्याने आल्या आहेत. त्यांपैकी एखादी किती वर्षे शिकली? तिने शाळा का सोडली? वाचावयास आले त्याचे तिने पुढे काय केले? ह्या प्रश्नांवाचून लिहिलेला शाळेचा इतिहास हा आमच्या दृष्टीने फार तर इमारतीचा आणि मंडळाचा इतिहास होय. देवळातील संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची नावे असतात ती असावीतच. पण पाट्या वाचून देवळात किती पिढ्यांनी कोणती गाऱ्हाणी घातली हे कोणास कळेल काय?

ह्यावर एक उत्तर दिले जाते, आणि ते टाकाऊ नाही. उत्तर असे की मुलींच्या हातचे कागदच उरले नाहीत. इतिहासकाराने जे नाही ते कोठून आणावे? आम्ही पुराव्याच्या कायद्यावर पोट भरणारे असल्यामुळे ह्या उत्तराचा आदर करतो. परंतु पुरावा नाही असे म्हणण्यापूर्वी तो शोधला होता काय, हेही विचारले पाहिजे. निदान दोन साक्षी अशा आहेत की ज्यांनी ह्या उत्तराचा पाया डळमळतो.

पहिली साक्ष मुक्ताबाईची. पुण्यास फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मांग जातीच्या ह्या चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापला गेला. शाळेने काय साधले ह्याचा ह्याहून चोख पुरावा दुसरा कोणता असू शकेल? आणि हाच पुरावा वरच्या जातींच्या शाळांच्या संचालकांस, म्हणजे आपणां सर्वांस, एक उलटप्रश्नही विचारतो. गिरगावच्या वाड्यात जी दारे उघडली ती कोणाकोणासाठी उघडली? त्या निबंधाने ज्यांची दुःखे मांडली त्यांच्या मुलींस तेथे बसावयास मिळाले असते काय? इतिहास लिहिताना हा प्रश्न टाळला तर ती केवळ चूक राहत नाही, लपवाछपवी होते.

दुसरी साक्ष मुंबईचीच आहे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. वयात आल्यावर त्यांनी नवऱ्याच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले, आणि दादाजी भिकाजी ह्या त्यांच्या पतीने १८८४ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला. आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगा, असा हुकूम केला. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ सेवा केली. त्यांचा अंत १९५५ मध्ये झाला. हा खटला कायद्याचे विद्यार्थी वैवाहिक हक्कांच्या प्रकरणात वाचतात. आम्हीही तसाच वाचला होता. पण १८८५ मध्ये 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने त्यांनी वर्तमानपत्रास जी पत्रे लिहिली, त्यांत लग्नाने आपल्या विद्येच्या आड कसे यावे ह्याची तक्रार आहे. सर्वांत प्रिय ती विद्या, आणि तीच हिरावली गेली, असा त्या तक्रारीचा आशय आहे. शाळेच्या इतिहासात जो प्रश्न कोणी विचारत नाही, त्याचे उत्तर त्या बाईंनी न विचारताच देऊन ठेवले होते.

हे वाचल्यावर मुलींच्या शाळेचा इतिहास आणि विवाहाच्या कायद्याचा इतिहास हे दोन नसून एकच आहेत, असे आमचे मत बनले. १८६० च्या दंडसंहितेने संमतीचे वय १० वर्षे ठरवले. १८९१ च्या कायद्याने ते १२ झाले, आणि तेवढ्यावरून केवढे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ केले, १९४९ मध्ये ते १५ झाले आणि १९७८ मध्ये १८. प्रत्येक आकडा म्हणजे मुलीच्या पाटीपुस्तकाची वाढलेली मुदत होय. वुड साहेबांच्या १८५४ च्या खलित्याने स्त्रीशिक्षणास सरकारी साह्य मिळावे असे म्हटले. पण दहाव्या-अकराव्या वर्षी जी मुलगी सासरी निघाली तिला अनुदानाचा काय उपयोग? कायदा अपुरा होता तेथे शाळा एकटी झगडली, आणि शाळांनी लोकमत थोडे मऊ केले म्हणूनच पुढचा कायदा होऊ शकला. आमच्या धंद्याने ह्या बाबतीत फुशारकी मारू नये. स्त्रियांना वकिलीची दारे निःसंदिग्धपणे उघडली ती १९२३ च्या कायद्याने, म्हणजे मिशनच्या पहिल्या शाळेनंतर ९९ वर्षांनी.

आता एक गोष्ट आपल्या जवळची सांगतो. मडगावच्या गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध केला. हा गृहस्थ स्वतः शिक्षक होता. त्याने शहराचे रस्ते, तलाव, देवळे, छापखाने, बाजार आणि विद्येची ठिकाणे अशा रीतीने लिहून ठेवली की जणू एखाद्या पाहुण्यास हाताशी धरून दाखवीत आहे. त्यात आजच्या चोखंदळ वाचकास खटकेल असे थोडेबहुत आहे. इंग्रजी अंमलाविषयीचा त्याचा भक्तिभाव आज आपणांस पटणार नाही. पण त्याची एक सवय आम्हांस फार मोलाची वाटते. जे डोळ्यांपुढे आहे ते लहान म्हणून त्याने सोडले नाही. आपल्या स्मरणिकांच्या संपादकांनी थोरांच्या चरित्रांपेक्षा ह्या सवयीचा धडा घ्यावा.

त्या गृहस्थांस आम्ही हस्तलिखित परत केले तेव्हा एवढेच विचारले की शाळेचे जुने दाखल-खारिजचे रजिस्टर कोठे आहे. ते म्हणाले, कपाटाच्या तळाशी असेल, वाळवीने खाल्ले नसेल तर. पंधरा दिवसांनी ते एक वही घेऊन आले. आम्ही दोघांनी ती ओसरीवर बसून चाळली. नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, आणि शेवटी शाळा सोडल्याचे कारण. कारणाच्या रकान्यात पानेच्या पाने एकच शब्द होता: विवाह. अधूनमधून 'बदली', क्वचित 'मृत्यू', आणि काही पानांनंतर कोठे कोठे 'परीक्षा उत्तीर्ण'. जसजशी वर्षे पुढे सरकत तसतसा तो पहिला शब्द विरळ होत गेला आणि शेवटचा दाट. त्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. मग एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "ही माझी थोरली बहीण. चौथीत होती." पुढे ते काही बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही.

मुलींचा इतिहास काय असणार, ह्या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना त्यांच्याच वहीत मिळाले. त्या रकान्याचा वर्षवार तक्ता स्मरणिकेत छापावा, हयात असलेल्या जुन्या विद्यार्थिनींच्या आठवणी घ्याव्यात, आणि देणगीदारांची यादी बारीक टायपात शेवटी घालावी, अशी आम्ही सूचना केली. यादी बारीक टायपात घालण्यास मंडळाचा विरोध झाला, असे ऐकतो. बाकीच्या दोन सूचना मान्य झाल्या. मंडळांच्या कारभाराचा अनुभव असलेल्या वाचकांस हा विजय लहान वाटणार नाही.

आमची विनंती आता ह्या मासिकाच्या वाचकांस आहे. ही पाने मराठी आणि कोकणी अशा दोन्ही भाषांना मोकळी आहेत. घरातील वृद्ध स्त्री ज्या भाषेत आठवते त्याच भाषेत तिचे बोलणे उतरवून घ्यावे. ते शुद्ध मराठीत आणण्याच्या भरीस पडू नये. ती कोणत्या शाळेत गेली, कोणाबरोबर गेली, कोणत्या इयत्तेत थांबली आणि कोणी थांबवले, एवढे चार प्रश्न पुरे आहेत. आपल्या माळव्यात अहल्याबाईंचे नाव सकाळी उठून घेतात, आणि ते योग्यच आहे. पण राज्य चालवणारी एक स्त्री स्मरणात ठेवणे सोपे असते. चौथीत शाळा सुटलेल्या शंभर मुली स्मरणात ठेवावयास वही उघडावी लागते. ती वही आपापल्या गावच्या शाळेच्या कपाटात अजून असेल, तर वाळवीच्या आधी आपण तेथे पोहोचावे.